माश्यांच्या वाट्याच्या दोन बाटल्या

"हे बघ मनाली, शुक्रवारपर्यंत मधमाश्यांचा बग सापडला नाही ना, तर सोमवारपासून बेलापूरला ऑफिसात येऊन बसायचं. घरी बसून टेस्टिंग होत नाही, हे मी पहिल्यापासून बोलतोय."

एवढं बोलून रोहनने फोन ठेवला. रोहन म्हणजे माझा लीड, म्हणजे साध्या भाषेत साहेब. वार बुधवार, सकाळचे दहा. मी मुरुडला आमच्या घराच्या पडवीत बसलेली. समोर लॅपटॉप, आणि त्यात चौकोनी मधमाश्या चौकोनी झाडाभोवती मजेत घोंघावत होत्या. त्यांना काय, त्यांना थोडंच बेलापूरला जायचं होतं!

मी गेम टेस्टर आहे. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर गेम खेळते आणि वर पगारही घेते. शेजारच्या काकूंनी तर तोंडावर विचारलं, "आमच्या पिंटूला लावशील का गो तुझ्या हापिसात? तो पण दिवसभर तेच करतो." काय सांगायचं यांना? एकच दार चारशे वेळा उघडायचं आणि चारशे वेळा लावायचं, कधी अडकतं ते बघायचं, याला खेळणं म्हणत नाहीत. खेळात जे चुकतं त्याला बग म्हणतात. तो शोधायचा, लिहून काढायचा आणि डेव्हलपरला, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला, दाखवायचा. एवढंच माझं काम.

आमचा गेम सँडबॉक्स प्रकारातला. म्हणजे वाळूत सोडलेल्या पोरासारखं तुम्हाला एका मोकळ्या जगात सोडून देतात. गोष्ट नाही, शेवट नाही. झाडं तोडा, घर बांधा, शेती करा, काय वाटेल ते करा. त्यात या वर्षी मधमाश्या आल्या. लाकडाची पेटी बनवायची, माश्या त्यात राहायला येतात. पेटीखाली जाळ करून धूर दिला की त्या शांत होतात. मग रिकामी बाटली घेऊन पेटीवर एक क्लिक, की एक बाटली मध. भरल्या पेटीत पाच बाटल्या. धूर दिला नाहीत तर माश्या चावून चावून जीव नकोसा करतात. तो चावण्याचा भाग मीच दोनशे वेळा टेस्ट केलेला!

माश्या टेस्ट करून 'ओके' असा शेरा मीच मारला होता. मग गेम थोड्या बाहेरच्या लोकांना खेळायला दिला, आणि तक्रारी सुरू. पेटीजवळ गेम मध्येच गोठतो. चित्र जागच्या जागी थिजतं, बंद करून परत चालू करावं लागतं. काहींना होतं, काहींना होत नाही. का होतं, कोणालाच सांगता येईना.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, रिप्रो. बग आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून दाखवणं म्हणजे रिप्रो. रिप्रो नसेल तर डेव्हलपर हात वर करतो. माश्या लिहिणारा आसिफ पनवेलचा, गुणी पोरगा. तोही म्हणाला, "मनाली, तू मला एकदा करून दाखव, मी दहा मिनिटांत ठीक करतो. पण दिसल्याशिवाय काय ठीक करू?"

बरोबरच होतं त्याचं. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुरुडहून बेलापूर म्हणजे एसटीने एका बाजूला चार तास. रोज जाऊन येणं शक्यच नाही. तिकडे खोली घेऊन राहायचं, तर इथे नवऱ्याचं छोटं लॉज आणि घरात एकटे सासरे. म्हणजे नोकरी तरी सोडायची, नाहीतर घर तरी. आणि मला दोन्ही हवं होतं, अगदी हट्टाने हवं होतं. मुरुडला राहून मी हे काम करू शकते, हे पटवायला मला वर्ष लागलं होतं.

बुधवार सगळा फुकट गेला. धूर जास्त दिला, कमी दिला. पावसात मध काढला, उन्हात काढला. पेटी समुद्रात बांधली. काहीही होईना. गेम मख्खासारखा चालतच होता. मेला एरवी शिंकलं तरी बंद पडतो!

गुरुवारी सकाळी आबा येऊन मागे उभे राहिले. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी उभा जन्म म्हसळ्याकडच्या गावांत मधपेट्या कशा सांभाळायच्या ते शिकवण्यात घालवला. अजूनही वाडीत सुपारीखाली त्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं.

"काय गो, ह्या कसल्या माश्या?"

"मधमाश्या, आबा."

"ह्या? सातेरी न्हायत, आग्या पण न्हायत. एवढी माशी असती तर पेटी काय, अख्खं घर लागलं असतं तिला."

सातेरी म्हणजे पेटीत राहणारी गरीब माशी. आग्या म्हणजे उंच झाडावरची, चिडली तर गावाला पळायला लावणारी. हे मला आबांनीच लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं.

"आबा, माझी नोकरी चाललीय आणि तुम्हाला माशीची जात सुचतेय! एवढं कळतं तर तुम्हीच काढा मध. मी जेवणाचं बघते."

तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण आबा खरंच खुर्चीवर बसले. "कुठं दाबायचं?" मी माऊस हातात दिला, चार गोष्टी सांगितल्या आणि बोंबील तळायला आत गेले.

आतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "धूर जास्त नको रे बाबा... हळू... आता उघड..." माश्यांशी बोलत होते ते! मी हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

पंधरा मिनिटांनी बाहेर डोकावले, तर आबा हाताची घडी घालून बसलेले. पेटीतून तीन बाटल्या काढलेल्या, दोन तशाच.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की."

"अजून दोन आहेत ना?"

"हायत. मग माश्यांनी काय खायचं?"

"आबा, त्या खोट्या आहेत!"

"असू दे. सगळा मध कोण काढतं? पेटी रिकामी केली की माश्या घर सोडून जातात. खालचा मध त्यांचा, वरचा आपला. चल, वाढ आता."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गेम तसाच चालू ठेवून आम्ही जेवायला बसलो. जेवून, भांडी घासून मी परत आले आणि स्क्रीन बघून किंचाळलेच.

माश्या हवेत थिजल्या होत्या. ढग थांबलेले. माऊस हलवला, काही नाही. गेम गोठला होता!

"आबा! काय केलंत तुम्ही?"

आबा धावत आले. त्यांचा चेहरा उतरला. "मी काय न्हाय केलं गो! मी हात पण लावला न्हाय. बिघडलं का? दुरुस्ती करून देतो मी, तू रोहनला सांगू नको."

"बिघडलं, आबा! बिघडलं!" मी आनंदाने नाचत होते, आणि ते बिचारे मला वेड लागलं की काय या नजरेने बघत होते.

मग मी गेम परत चालू केला. धूर दिला, बाटल्या काढल्या, वाट पाहिली. गेममधला एक दिवस वीस मिनिटांचा असतो. वीस मिनिटं गेली, गेममध्ये सकाळ झाली, माश्या छान उडाल्या. काही गोठलं नाही.

मी परत हिरमुसले. "आबा, तुम्ही नेमकं काय केलंत? एकेक करून सांगा."

"तू केलंस तेच."

"मग माझ्याकडे का नाही होत?"

आबांनी चष्मा नाकावर घेतला आणि स्क्रीनजवळ वाकले. "तू सगळा काढलास. पाचही."

मी बघितलं. खरंच, पेटी रिकामी! मला ठेवायच्या होत्या दोन, पण बोट थांबलंच नव्हतं. टक टक टक टक टक. वर्षाची सवय. कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या खेपेला आबांनी माझं मनगट धरून ठेवलं. तीन बाटल्या काढल्या, दोन ठेवल्या. वीस मिनिटांनी गेममध्ये सकाळ झाली आणि गेम गोठला. पुन्हा केलं, पुन्हा गोठला. आणखी एकदा केलं, तेव्हाही तेच. याला म्हणतात रिप्रो!

आसिफला फोन लावला. त्याने प्रोग्राम उघडला आणि पेटीचा भाग वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

"मनाली, मी किती गाढव आहे सांगू? पेटी भरलेली असेल तर माश्या थांबतात. नाहीतर सकाळी पाच बाटल्या मध भरतात. अर्धी पेटी असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे दोनावर पाच?"

"सात! आणि माझ्याकडे पाचापर्यंतचीच चित्रं आहेत. गेम सातवं चित्र शोधत बसतो."

आता वाचक विचारतील, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही कशी दिसली नाही? तर आम्ही टेस्टर खेळायला बसताना एक गुप्त बटण दाबतो. त्याने बाटल्या कधी संपतच नाहीत. प्रत्येकाला घाई, प्रत्येकाची झोळी भरलेली, त्यामुळे प्रत्येक जण पेटी साफ करूनच उठायचा. बाहेरचा माणूस मात्र कष्ट करून दोन-तीन बाटल्या बनवायचा आणि तेवढाच मध घेऊन घरी जायचा. मध उरायचा आणि गेम गोठायचा. आबांकडेही त्याच बटणाच्या न संपणाऱ्या बाटल्या होत्या, तरी ते तिसऱ्यावर थांबले. आमच्या अख्ख्या टीममध्ये असा एकही माणूस नव्हता.

आसिफने संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं. शुक्रवारी फोनवरच्या मीटिंगमध्ये रोहनने विचारलं, "मिला कैसे?"

"सासऱ्यांना बसवलं होतं," मी म्हणाले. "मी घरी होते म्हणून बसवता आले. बेलापूरला असते तर कोणाला बसवलं असतं?"

रोहन खोकला. मग म्हणाला, "ठीक आहे. तू तिकडेच बस."

फोन ठेवला आणि मला रडूच आलं. आबांनी एवढंच विचारलं, "आता त्या माश्यांना खायला राहतं ना?" राहतं म्हटल्यावर ते वाडीत निघून गेले.

आसिफला आबांचं बोलणं इतकं आवडलं की त्याने गेमच्या पुढच्या आवृत्तीत तसंच केलं. पेटी पूर्ण रिकामी केली, तर माश्या घर सोडून जातात. टीमला त्याने रीतसर ईमेल पाठवली. ईमेल कोण वाचतं म्हणा!

महिन्याभराने रोहनचा फोन आला. घाबराघुबरा. "मनाली, मोठा बग! माझ्या सगळ्या माश्या गायब! तिकीट टाकलंय, लगेच बघ."

तिकीट म्हणजे तक्रारीचा कागद, फक्त कॉम्प्युटरवरचा. मी विचारलं, "मध किती काढलास?"

"किती म्हणजे? सगळा!"

मी तिकीट उघडलं. खाली शेरा मारायची जागा असते. तिथे लिहिलं, 'बग नाही. माश्यांना काही ठेवलं नाही, म्हणून गेल्या.' आणि तपासणाऱ्याच्या नावात माझ्या नावापुढे आबांचं नाव घालून तिकीट बंद केलं.