सुरतेहून आणलेले दोन फ्रॉक

भारतात सुट्टीवर गेलेल्या माणसाने परतताना आपली बॅग अर्धीच भरायची, उरलेली जागा शेजाऱ्यांच्या पार्सलांची, हा मस्कतच्या वादी अदाई भागातल्या आमच्या बिल्डिंगचा अलिखित नियम. त्या वर्षी मी कुणाचं लोणचं, कुणाची औषधं आणि सुरतेच्या नणंदेने दिलेले दोन सारखे फ्रॉक घेऊन मस्कतला परतले. एक माझ्या मुलीला, दुसरा समोरच्या वसईकर शेजारणीच्या मुलीला. दोघी एकाच वर्गात, सदान्‌कदा एकमेकींच्या घरात.

आठवड्याभरात बातमी आली, सुरतेत प्लेग. विमानं बंद झाल्याचंही ऐकलं. विषय ताजा म्हणून शाळेतल्या बाईंनी मध्ययुगातला प्लेग शिकवायला घेतला.

"आई, शिपमधून रॅट्स आले आणि फ्लीज ना, कपड्यांच्या बंडलमधून," मुलगी जेवताना सांगत होती. "ज्या घरात पेशंट, त्याचं डोअर बाहेरून बंद करायचे. सगळ्यांना आत ठेवून." अंगात तोच फ्रॉक होता.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. अंग पुसताना जांघेत गाठ लागली, प्लेगात येते तशी. हिला उचलून नेतील, कुठे ठेवतील, मला जवळ तरी बसू देतील का? नवरा रुसैलच्या फॅक्टरीतून रात्रपाळी करून आला, त्याने गाठ चाचपली आणि म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. आज शुक्रवार, दवाखाना बंद. उद्या बघू." खरं तर मी ते आधीच ठरवलं होतं.

मी फ्रॉक मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला. समोरच्या घरातला मात्र मागून आणता येईना. मागायचा तर कारण सांगावं लागणार होतं.

दुपारी बेल वाजली. शेजारणीची मुलगी दारात, नेमकी तोच फ्रॉक घालून. "आंटी, तिला बरं नाय ना? मी बसते तिच्याजवळ." तिला परत पाठवायला एक शब्द पुरला असता. मी दार उघडून बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत दोघी एकाच उशीवर डोकी टेकवून गप्पा मारत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात देवाचं नाव घेत उभी होते. इतकी भित्री आणि इतकी नीच मी पुन्हा कधी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिची टाच उलटी करून दाखवली. बिल्डिंगमागच्या वादीत, कोरड्या नदीपात्रात, खेळताना दगड लागून चिघळलेली जखम. गाठ त्यामुळेच. "खलास, बस, कुछ नहीं है," ते इथल्या अरबी ढंगात म्हणाले. मी तिथेच रडले.

घरी येताच शेजारणीकडे गेले आणि हसत हसत सगळं सांगून टाकलं, ती गाठ, ती भीती, पातेल्यात उकळलेला फ्रॉक. ती हसली नाही. तिने शेजारी अभ्यास करत बसलेल्या मुलीच्या कपाळाला हात लावला, मग मानेला.

"वहिनी," ती म्हणाली, "आणि आमचा फ्रॉक?"