वाऱ्याचे नारळ

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे झाप विणणं. माडाची झावळ विणून पडद्यासारखी करतात तो झाप. आमच्या खोलीपुढच्या सज्जात पाऊस आत मारायचा आणि तिची तांदळाची पेटी भिजायची, म्हणून तिला तिथं झाप बांधायचा होता. झावळीला मधे दांडा असतो, दोन्ही अंगांना पाती. दांड्याच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला मी. तिची बाजू भराभर पुढं सरकत होती. मी माड चढणारा माणूस, विणकाम बायकांचं, माझी बोटं त्यात चालत नाहीत.

ती म्हणाली, "पुढला पावसाळा येल, पण तुमची बाजू काय व्हायची न्हाय."

मी म्हटलं, घट्ट विणतोय म्हणून वेळ लागतोय. तिनं माझ्या बाजूला बोट खुपसून दाखवलं. बोट आरपार गेलं. ती हसली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. हसण्यापेक्षा ते वाईट.

दिवाळी होऊन गेली होती. पाऊस केव्हाच सरायला हवा होता, पण आदल्या दिवसापासून आभाळ भरलेलं आणि हवा कोंडल्यासारखी. होड्या कुणी दर्यात घातल्या नव्हत्या. तिची बाजू पुरी झाली. माझी निम्मी झाली नव्हती तोच डोंगराकडून वारा सुटला आणि झापच उलटा होऊन माझ्या तोंडावर आला. तिनं तो ओढून आत नेला आणि भिंतीला उभा केला. म्हणाली, उद्या करा.

ही खोली कशी ते सांगितलं पाहिजे. आमचं आयुष्य वाडीतल्या झोपडीत गेलं. मालकाची माडांची वाडी होती आणि मी तिथला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. गुडघा गेला तेव्हा चढणं सुटलं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला. तो म्हणाला, मातीच्या भिंतींत म्हातारपण काढू नका. त्यानं आम्हाला बाजाराच्या तोंडाशी एका दुकानदाराच्या इमारतीत माडीवर खोली घेऊन दिली. चिऱ्याची दुमजली इमारत, वर मंगलोरी कौलं. खाली दुकानाची वखार, वर तीन खोल्या ओळीनं. पहिलीत आम्ही, मधलीत दुकानदाराची पोती, शेवटच्या खोलीत एक म्हातारा खलाशी. जन्मभर बोटीवर काम केलेला, मुसलमान, एकटा. ती त्याला चाचा म्हणायची, तो तिला भाभी.

तिला ती खोली कधी आवडली नाही. पाय जमिनीला लागत नाही म्हणायची. पण मागच्या खिडकीतून वाडी दिसायची, म्हणून राहिली.

आता वाडीतली रीत सांगतो, कारण सगळं त्या रीतीवर आलं. मी पाडलेला नारळ मालकाचा, त्यातला ठरलेला वाटा माझा. पण वाऱ्यानं आपसूक पडलेला नारळ पाडेल्याच्या घरचा. अट एकच. तो दिवस मावळायच्या आत उचलायचा. अंधार पडल्यावर जमिनीवर जे राहील ते मालकाचं. ही रीत माझ्या बापाच्या आधीपासूनची. लग्न होऊन आली तेव्हापासून पडीचे नारळ गोळा करणं हे तिचं काम. मी चढणं सोडल्यावर नवा पाडेली आला, पण तो तरणा, बायको नसलेला. त्यानं तिला सांगितलं होतं, पडीचे तुम्हीच घ्या, मावशी. तेव्हा वारा जरा हलला की ती खिडकीशी जायची. जमिनीवर नारळ पडलेला दिसला की तिला बसवत नसे. गरज होती म्हणून नव्हे. हात तसे घडले होते.

वारा दुपारपर्यंत इतका वाढला की बोललेलं ऐकू येईना. मी दाराला आडणा घातला, त्याला तांदळाची पेटी लावली, पेटीवर पाटा ठेवला. चूल विझवली. खिडक्यांच्या फटींत गोधड्या कोंबल्या. मग दारावर धक्के बसायला लागले. आधी वाटलं वारा. चाचा होता. त्याच्या खोलीची कौलं गेली होती, डोक्यातून रक्त येत होतं आणि काखेत त्याची पत्र्याची पेटी. ती म्हणाली, बोट बुडली की काय चाचा. तो म्हणाला, बोट हाय भाभी, डेक गेला.

त्यानं आत येऊन पहिलं काय केलं तर समुद्राकडची खिडकी मी बंद केली होती ती उघडली. मी ओरडलो. तो म्हणाला, वारा डोंगराकडून आत घुसतोय, त्याला जायला वाट दिली नाही तर तो छप्पर घेऊन जाईल. खरं-खोटं मला माहीत नाही. पण मधल्या खोलीचं छप्पर गेलं आणि आमचं राहिलं.

दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात आम्ही तिघं बसलो. वर जाडी तुळई होती. तिला मी मधे बसवली. कौलं उडून खाली फुटायची तो आवाज, पोती फाटून तांदूळ भिंतीवर मारल्याचा आवाज. एक कौल आमच्याही खोलीत आलं आणि चुलीवर फुटलं. तिनं चाचाच्या डोक्याला हळद लावून फडकं बांधलं, सकाळच्या भाकऱ्या तिघांत वाटल्या. मी खाल्लं नाही तर म्हणाली, खा, वाऱ्यावर रागवून त्याचं काय जात नाही.

आणि सगळा वेळ ती वाडीचा कानोसा घेत होती. एवढ्या घोंघाटात तिला नारळ पडलेला कळायचा. मागच्या भिंतीला कान लावून बसली होती. धप् झालं की सांगायची, हा विहिरीवरचा. हा कुंपणाकडचा, अजून कोवळा होता, फुकट गेला. मला नुसता वारा ऐकू येत होता. मला तेव्हाच कळलं की वारा थांबला की ही खाली जाणार. मी तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत धरून बसलो. तिनं ते पाहिलं.

मग वारा पडला. हळूहळू नाही, दिवा विझावा तसा. खोलीत इतकं शांत झालं की कौलावरून पाणी ठिबकतंय ते ऐकू यायला लागलं. समुद्राकडच्या खिडकीतून पिवळं ऊन आलं. बाजारात माणसं बाहेर येऊन एकमेकांना हाका मारायला लागली. कुणीतरी देवळाची घंटा वाजवली. सगळ्यांना वाटलं, गेलं.

ती उठली. माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला आणि पाटा खाली उतरवायला लागली.

चाचा म्हणाला, "भाभी, बसा. वारा दमलाय, गेला न्हाय. आता दर्यावरून येल."

"कवा येल?"

"ते मला न्हाय सांगता येत."

"मग मी येईन तवर," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगो, जाऊ नको. नारळ कुठं पळत न्हायत."

ती म्हणाली, "दिवस पळतोय."

खरंच ऊन पिवळं झालं होतं. तासाभरात मावळलं असतं. मी रागावलो, वेडंवाकडं बोललो, पेटीवर बसून दार अडवलं. ती माझ्यापुढं उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली की सगळी वाडी खाली आलीय, पुन्हा या जन्मात असं व्हायचं नाही. तिचं तोंड बघून मला ती लग्नातली पोर आठवली. मी उठलो. दुसरं काय करणार होतो मला माहीत नाही. बांधून ठेवली असती तर ती आयुष्यभर बोलली असती, आणि मी ते ऐकलं असतं.

तिच्या मागं मी जिना उतरलो. गुडघ्यानं वेळ लागला. खाली पोचलो तोवर ती बेडं, म्हणजे कुंपणातलं बांबूंचं फाटक, ओलांडून वाडीत शिरली होती. वाडीचं काय झालं होतं ते बघवत नव्हतं. निम्मे माड आडवे, झावळ्यांचा चिखल, विहिरीचा काठ ढासळलेला. आणि नारळ सगळीकडं. ती वाकून उचलायची, दोन-दोन नारळांच्या सालीचे धागे ओढून एकमेकांना गाठ मारायची आणि जोडी खांद्यावर टाकायची. एवढ्या जोड्या खांद्यावर घेऊन आली की मला तिचं तोंड दिसत नव्हतं. जिन्याच्या पायथ्याशी टाकल्या. मला म्हणाली, रचून ठेवा, नुसते उभे राहू नका. मी रचले. दुसरी खेप आणली. श्वास लागला होता, पण चेहरा मोकळा होता. मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, विहिरीवरचे राहिलेत, आणि गेली.

वरून सज्जातून चाचानं हाक मारली. मला नाही, तिला. भाभी, भाभी, अशी दोनदा. मी वर बघितलं तर तो समुद्राकडं बघत होता.

तो वारा डोंगराच्या वाऱ्यासारखा नव्हता. तो भिंतीसारखा आला. उरलेले माड डोंगराकडच्या वाऱ्यानं एका बाजूला वाकून मुळात सैल झाले होते. त्यांना आता उलट्या बाजूनं ढकलल्यावर ते उभे राहणार नव्हते. मी जिन्याच्या खांबाला मिठी मारली. मग मिठी सोडली आणि हातापायांवर बेड्याकडं निघालो. मी तिचं नाव घेऊन ओरडलो. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत, मी चारचौघांत कधीच घेतलं नव्हतं. माझंच मला ऐकू आलं नाही.

बेड्याला हात लागायच्या आत चाचानं मागून माझी कंबर धरली. मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तोंडावर लाथ मारली. तो म्हातारा, डोकं फुटलेला, पण हात खलाशाचे. त्यानं मला ओढत जिन्याखाली नेलं आणि माझ्यावर पालथा पडून राहिला. ती आडोशाला बसली असेल, विहिरीत उतरली असेल, असं तो माझ्या कानात सांगत होता. आम्हा दोघांनाही माहीत होतं. अंधार पडला. वारा पुष्कळ वेळ होता. तो कधी थांबला ते मी सांगू शकत नाही.

फटफटलं तसा मी वाडीत गेलो. चाचा माझ्या मागं येत होता. ती विहिरीशीच होती. तिच्यावर पडलेला माड मी चांगला ओळखत होतो. चढताना पाय ठेवायला मीच कोयत्यानं त्याच्यावर खाचा पाडल्या होत्या आणि त्यांतली एक वेडीवाकडी होती, म्हणून मला ओळखू आला. तिच्या खांद्यावरच्या जोड्या सुटल्या नव्हत्या. गाठ तिनं मारलेली.

माड उचलायला माणसं लागली. बाजारातून आली, मोहल्ल्यातून आली. ज्यांची स्वतःची घरं पडली होती तेही आले. मुलाला तार करायला एकजण निघाला तर तारेचे खांबच आडवे, माणगावच्या रस्त्यावर झाडं पडून एसटी बंद. एका पोराला चालत पाठवलं. मुलाला यायला वेळ लागणार हे सगळ्यांना कळलं, आणि थांबता येणार नाही हेही. तिला आणून जिन्याच्या पायथ्याशी, नारळांच्या राशीजवळ ठेवली.

मालकाचा कारभारी वाडीचं नुकसान बघायला आला. वाईट माणूस नव्हता. टोपी काढून उभा राहिला. जाताना रास बघून थांबला आणि मला म्हणाला, हे दिवस मावळायच्या आतले आहेत, हे तुमचेच. मी म्हटलं, विहिरीवरचे पण आतलेच होते. तो मान हलवून गेला.

तिला न्यायच्या ताटीसाठी बांबू मिळाले. अंथरायला काही कोरडं मिळेना, सगळ्या गावात एक चटई कोरडी नव्हती. बायका आपसांत कुजबुजत होत्या. मला आठवलं. मी वर गेलो. जिना चढायला मला कुणी हात दिला तो मी झिडकारला.

खोलीत भिंतीला झाप तसाच उभा होता. तिनं ठेवला तिथं. त्या कोपऱ्यात पाणी आलं नव्हतं. तिची बाजू पुरी, घट्ट, बोट जाणार नाही अशी. माझ्या बाजूची पाती सुटी लोंबत होती. मी तो जमिनीवर आडवा टाकला आणि माझ्या जागी बसलो. दांड्यापलीकडं तिची जागा मोकळी होती. चाचा दारात येऊन म्हणाला, मी धरू का. मी म्हटलं, नको.

खाली माणसं थांबली होती. मी घाई केली नाही. एक पात वरून, एक खालून, प्रत्येकाला ओढून, बोट घालून बघत बघत माझी बाजू विणली. सैल झालं तिथं उसवून पुन्हा केलं. मग झाप गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि खाली उतरलो.