श्रावणचा डावा गाल

सिहोऱ्यात कैलाशचं सलून आहे. सलून म्हणजे एक आरसा, एक बाकडं आणि दोन खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर कायम जुने पेपर बसलेले. पण कैलाशच्या हाताचं नाव होतं. वीस वर्षं लोकांच्या तोंडावरून हात फिरवून त्याच्या बोटांना चेहरा पाठ झाला होता. नाकाचा शेंडा सगळ्यात गार, कानाच्या पाळ्या त्याच्या खालोखाल. कपाळ गरम, आणि डोळ्याचा नाकाकडचा कोपरा त्याहून गरम. गाल मधेच कुठेतरी, पण दोन्ही सारखे. हा हिशेब बिघडला की तो वस्तरा थांबवायचा. "काका, ताप येऊन राहिला तुमाले. दाढी राहू द्या, दवाखान्यात जा." संध्याकाळी काका खरंच गोधडीत. मग काय, घरी थर्मामीटर असलेल्या बायाही लेकरं घेऊन यायच्या, "हात लावून पाहा बरं जी."

श्रावण त्याचा शाळेपासूनचा दोस्त. धानाची शेती आणि डाव्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. तो खुर्चीत बसला की कैलाशचं पहिलं वाक्य ठरलेलं, "थुकून ये बे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी फेस लावताना कैलाशची बोटं अडखळली. श्रावणचा डावा गाल उजव्यापेक्षा गरम होता. कपाळापेक्षाही गरम, आणि आत काहीतरी कडक. त्याने पुन्हा हात लावला. मागे बाकड्यावर तिघं बसलेले. सांगायचं ते ओठावर आलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"काबे, वहिनीनं सकाळी सकाळीच ठेवून देल्ली का? एकच गाल तापला."

बाकडं हसलं. श्रावणही हसला, पण तोंड न उघडता. तेही कैलाशने आरशात पाहिलं.

मग दर आठवड्याला बाकडंच विचारू लागलं, "आज कोणता गाल गरम?" आणि डावा गाल दर आठवड्याला थोडा जास्तच तापलेला. एवढी रंगलेली गंमत, ती गंमत नव्हती हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं? बाकडं रिकामं असलं की सांगू, असं कैलाशने ठरवलं. एकदा ते रिकामंही होतं. त्या दिवशी तो पावसापाण्याचं बोलत बसला. धान कापून झालं आणि श्रावण यायचा बंद झाला. नागपूरला नेल्याचं कळलं.

चार महिन्यांनी त्याची बायको रुखमिणीच त्याला घेऊन आली. खुर्चीवरचे पेपर मांडीवर घेऊन ती नवऱ्याच्या शेजारी बसली. गाल काढून तिथे छातीची कातडी लावलेली. कैलाशने हात लावला. गार होता, नाकाच्या शेंड्याहूनही गार. त्यावर दाढीचा एक खुंटही नव्हता.

"भाऊजी," रुखमिणी नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "गावाचा ताप तुमच्या हाताले समजते. यायचा नाई समजला का जी?"

उत्तर तयार होतं. आतल्या रोगाचं बाहेरून काय समजते, असं म्हणायचं, की झालं. चार महिने त्याने ते घोकलं होतं. तो वाटीत ब्रश फिरवत राहिला. फेस वाटीच्या बाहेर आला.

"पोळ्यालेच समजला होता, वहिनी. मी मस्करी केली."

बाकड्यावर त्या दिवशीही दोघं होते. त्यातला एक पेपर शोधू लागला, पण पेपर रुखमिणीच्या मांडीवर.

श्रावण फाटक्या आवाजात म्हणाला, "मी काई आयकलं नसतं बे." दोस्ताला सोडवायला तो एवढं बोलला, आणि त्याच्या लाळेची धार गळ्यावर आली. रुखमिणीने ती पदराने पुसली.

"यायनं नसतं आयकलं," ती म्हणाली. "मी आयकलं असतं जी."

कैलाशने उजव्या गालाला फेस लावला. तेवढीच दाढी होती, पण त्या दिवशी तिला फार वेळ लागला.