उंबऱ्याबाहेरचे बूट

टोकियोत, एदोगावा भागातल्या लेकीच्या घरी शिरलो, की ती माझे बूट जपानी रीतीनं दाराकडे तोंड करून ठेवते. "बाबा, निघताना सोपं जातं."

श्रीलंकेतल्या यादवीत आमची पलटण जाफन्यात होती. घरांच्या झडत्या रोजच्याच. एका घरातली म्हातारी नुसती आमच्या पायांकडे बघत राहिली. माझा जोडीदार नामदेव थांबला आणि उंबऱ्याबाहेर बूट काढून आत आला.

"वेडा झालास का?" मी खेकसलो.

"माझी आईपण असंच बघते रे."

तेवढ्यात गल्लीत गोळीबार सुरू झाला. नामदेव अनवाणीच धावला, तो परतलाच नाही.

त्या घरात आम्ही सहाजण शिरलो होतो. माणसासारखा तो एकटाच शिरला, हे कळायला मला म्हातारा व्हावं लागलं.

त्या दिवशी त्याचे बूट मीच उचलले. त्यांची तोंडं घराकडे होती.