खोट नसलेला सिलिंडर

एकहार्ड लोमानचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गाड्यांचा कारखाना सुटून सहा वर्षं झाली होती, पण शरीर अजून पहिल्या पाळीवरच होतं. काळी कॉफी, राय धान्याच्या पावाचे दोन तुकडे, की चालला गॅरेजात. तिथे त्याची एकोणसत्तर सालची बुली, राहायची सोय असलेली जुनी व्हॅन, उभी होती. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना बायकोने, गेसीनाने, शिवलेले पडदे. जूनमध्ये दोघं तिच्यातून नॉर्वेला जाणार होती. तिथल्या घाटांना जुने ड्रम ब्रेक पुरायचे नाहीत, म्हणून एकहार्डने हिवाळाभर खपून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि त्या डिस्कला चिमट्यासारखे पकडणारे कॅलिपर बसवले. सगळं एकट्याने, गार फरशीला पाठ लावून.

पण ब्रेकचं पॅडल मऊ लागत होतं. पाय ठेवला की लोण्यात रुतल्यासारखा खाली जायचा. ब्रेकच्या तेलात हवा राहिली की असं होतं.

"दाब... धर... सोड!" तो गाडीखालून ओरडायचा. वर गेसीना पॅडल दाबायची. हवा काढायच्या स्क्रूतून तेल यायचं, बुडबुडा एकही नाही. म्हणजे आत हवा नाही, असं त्याने ठरवून टाकलं. अडतीस वर्षं त्याने कारखान्यातल्या जोडणीच्या लाइनवर ब्रेकच बसवले होते. आपला हात चुकणं त्याच्या हिशेबातच नव्हतं. मग चुकला असणार तो पॅडलखालचं तेल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर, आणि तो विकणारी मारेन.

मारेन बापाच्या जुन्या कोठारात बुलीचे सुटे भाग विकायची; कॅलिपरही तिच्याकडचेच होते. बाप गेल्यावर धंदा तिने एकटीने ओढला. दर शनिवारी गावच्या अग्निशमन दलामागच्या मैदानात बुलीवाले जमत, तिथेही तिचं टेबल असे. एप्रिलमधल्या एका शनिवारी एकहार्डने त्या टेबलावर सिलिंडर आपटला.

"तुझ्या बापाकडे माल मिळायचा. तू भंगार विकतेस."

वीसेक माणसं हातात कप धरून वळून बघू लागली.

"एकहार्ड, कॅलिपर एकदा बघून घ्याल का?" मारेन म्हणाली. "डब्यांवर डावं-उजवं मी खडूने..."

"मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ब्रेक बसवतोय मी!"

तिने वाद घातला नाही. दुसरा सिलिंडर काढून दिला, पैसे न घेता. तिथल्या तिथे जमलेल्यांतल्या दोघांनी तिच्याकडे आधी मागवलेला माल नको म्हटलं. एकहार्डने ते पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं.

दुसरा सिलिंडर बसवला. पॅडल तसंच.

बुधवारी त्याची पाठ धरली. दुपारी गेसीना त्याच्यासाठी रबरी पिशवीत गरम पाणी भरत होती. तिने पिशवीचं तोंड वर धरलं, पोट दाबलं, हवा फुस्स करून निघून गेली, पाणी तोंडाशी आलं आणि तिने बूच लावलं.

एकहार्ड त्या पिशवीकडे बघतच राहिला. मग तसाच, कमरेत वाकून, गॅरेजात गेला.

हवा काढायचे स्क्रू दोन्ही चाकांना खालच्या अंगाला होते. हवा वर साठते, म्हणून स्क्रू वरच असायला लागतो. हे त्याने स्वतः किती नव्या कामगारांना शिकवलं होतं! डावा कॅलिपर उजवीकडे गेला होता, उजवा डावीकडे; म्हणून दोन्ही उलटे बसले होते. लाइनवर गाडी त्याच्याकडे तोंड करून यायची. त्याचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू. त्याने मारेनच्या डब्यावरचं 'डावं' वाचलं होतं आणि अडतीस वर्षांच्या सवयीने आपल्या डाव्या हाताला बसवलं होतं. शिवाय, स्क्रू खाली आला म्हणून पडल्या पडल्या पाना सहज लागतोय, याचं त्याला सुख वाटलं होतं. ते आठवलं आणि त्याचे कान तापले. कष्ट वाचले म्हणून खूश झालेला माणूस त्याने आयुष्यभर हलका मानला होता.

दोन तासांत त्याने दोन्ही बाजू बदलल्या. गेसीनाने पॅडल दाबलं.

"पॅडलचा दगड झालाय रे! काय होतं?"

"हवा."

"मग मारेनचा सिलिंडर..."

तो पाना पुसत राहिला. फडकं स्वच्छ होतं, पानाही.

कोणाला कळलं नसतं. मारेनलासुद्धा नाही. तीन दिवस तो हेच स्वतःला सांगत होता, आणि तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.

शनिवारी तो बुली घेऊन मैदानात गेला. मारेनच्या टेबलाशी कोणी नव्हतं. तो तिच्यासमोर उभा राहिला, पण बोलला मैदानाला ऐकू जाईल असं.

"सिलिंडर चांगला होता. कॅलिपर मीच उलटसुलट बसवले. डब्यावर लिहिलेलं होतं."

आधी हिनर्क हसला. लाइनवर तो पलीकडच्या बाजूला उभा असायचा. "अरे देवा! अडतीस वर्षं, आणि गड्याला डावं-उजवं कळेना! बूट तरी नीट घातलेत का, बघा रे!"

सगळं मैदान हसलं. एकहार्डने खरंच खाली बुटांकडे पाहिलं. वर बघवत नव्हतं. एकटी मारेन हसली नाही.

"भंगार म्हणालात ते राहू दे," ती म्हणाली. "बापाचं नाव काढायला नको होतं."

"नको होतं," तो म्हणाला.

तिने टेबलाखालून तो पहिला सिलिंडर काढला. "तुमच्या बोलण्यानंतर हा कोणी घेत नाही."

"मी घेतो. दुसऱ्याचेही पैसे घे."

तिने नको म्हटलं नाही. तेही बरंच झालं.

आता तो सिलिंडर गॅरेजच्या फळीवर आहे, डोळ्यासमोर. कारखान्यात पहाटेपासून झिजून मिळवलेल्या पैशांतून एकहार्डने शेवटी विकत घेतली ती ही वस्तू. कोरी, तिच्यात काही खोट नाही, आणि त्याला तिची गरजही नाही.