चाचांचा गिमलेट
लिंबाची साल सोलताना वास आला की भिंगारला आमच्या शेजारी राहणारे चाचा आठवतात. इंग्रजांच्या काळात ते तिथल्या लष्करी मेसमध्ये खानसामा होते. बहात्तरच्या उन्हाळ्यात, माझ्या कॉलेजच्या मित्रांसाठी, त्यांनी जिन आणि लिंबाचा गोड रस बर्फात हलवून गिमलेट बनवला. "जहाजावरच्या गोऱ्यांना आजार होऊ नये म्हनून लिंबू द्यायचे, त्यातनं हे निघालं," ते म्हणाले. स्वतः त्यांनी कधी थेंबही चाखला नव्हता. "साहेबलोक कदी बोलले न्हाईत. तू सांग, चांगला झालाय का?" मित्र बघत होते. मी ऐटीत म्हणालो, "चाचा, हे तर सरबत!" सगळे हसले. चाचाही कसनुसं हसले आणि बर्फाचं भांडं उचलून आत गेले. पुढच्याच वर्षी ते वारले. गिमलेट फार सुरेख झाला होता, आणि पहिल्याच घोटाला मला ते कळलं होतं.