मी वाइंडिंग मशीन मागितलं होतं

अध्यक्षांनी माझं मनगट धरलं आणि हात वर उचलला. वर्गात मास्तर चोरी करताना पकडलेल्या मुलाचा उचलतात तसा.

"हे हात बघा," ते माइकमध्ये म्हणाले. "तारेनं कापलेत. ही बाई या हातांवर घर चालवते."

टाळ्या. मुलुंडचा हॉल. पुढच्या रांगेत रेशमी साड्या. एकीनं डोळ्यांना रुमाल लावला. फोटोवाला म्हणाला, "जरा आणखी वर, साहेब." साहेबांनी आणखी वर केला. हात माझा होता. मला कोणी विचारलं नाही.

मी तिथे माझ्या धंद्याचा बेत मांडायला गेले होते.

अंधेरीला स्टॅबिलायझरच्या कारखान्यात मी कॉइल वाइंडिंगला, म्हणजे तार गुंडाळायच्या कामाला होते. मालकानं कारखाना वापीला हलवला. यंत्रं ट्रकमधून गेली, आम्ही बायका फाटकाबाहेर राहिलो. नवऱ्याची गिरणी त्याआधीच बंद पडलेली. तो मिळेल ते काम करत होता. घर चालत होतं, पण ओढत.

त्याच दिवसांत घाटकोपरला आमच्या चाळीतसुद्धा टीव्ही यायला लागले. टीव्ही आला की स्टॅबिलायझर आलाच. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे एकदम लागायचे, व्होल्टेज पडायचं, स्टॅबिलायझरची कॉइल जळायची. दुकानदार ती दुरुस्तीला शहरात पाठवायचे. आठवडा आठवडा परत येत नसे. गिऱ्हाईक दुकानात येऊन तोंड सोडायचं. मला वाटलं, हे काम इथेच का होऊ नये? कारखान्यातल्या आणखी तिघी माझ्याबरोबर यायला तयार होत्या.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला भेटले. तो म्हणाला, "काम देतो. पण हातावर गुंडाळलेली कॉइल मी घेणार नाही. आधी मशीन बसवा." बरोबर बोलला. हातानं तार सैल बसते.

म्हणजे सगळं एका यंत्रावर अडलं होतं. दांड्यानं फिरवायचं, फेरे मोजणारं वाइंडिंग मशीन. सेकंडहँडही चाललं असतं.

मुलुंडचं एक मंडळ दरवर्षी होतकरू महिलांना यंत्रं देतं, असं कळलं. कोणतं यंत्र हवं ते अर्जात लिहायचं होतं. लिहिलं. बोलावणं आलं. स्टेजवर उभं राहून आपलं काम थोडक्यात सांगायचं होतं.

मी तयारी केली. जेवणं उरकली की गॅलरीत तिघींसमोर उभी राहून बोलायचे. त्यातली शेवंती मालवणकडची, तोंडाची फटकळ. पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "गो, माका झोप इली. त्या दुकानदाराचा आधी सांग." मी माझ्या नोकरीचं पुराण कापलं. आधी गिऱ्हाईकाची अडचण. मग दुकानदार काम द्यायला तयार आहे ते. मग आम्ही चौघी काय करू शकतो. शेवटी मागणी, आणि मागणी केली की गप्प राहायचं. एक जळकी कॉइल आणि एक नवी, दोन्ही पिशवीत घेतल्या. दाखवल्या की लोकांना पटकन कळतं.

हॉलवर सेक्रेटरी बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ.

"हे दुकानदार-बिकानदार राहू द्या हो. मिस्टरांची गिरणी बंद पडली ना, ते सांगा. मुलांना उपाशी झोपवायची वेळ आली असेल, ते सांगा. लोक द्रवतात."

"नाही आली," मी म्हटलं.

"काय?"

"उपाशी झोपवायची वेळ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जणू मी लग्नाला आहेराशिवाय आले होते. "बरं, मग निदान हात तरी दाखवा," म्हणाल्या.

मी स्टेजवर गेले. ठरवल्याप्रमाणे सुरू केलं. जळकी कॉइल वर धरली. दुकानदारापर्यंत आले तेवढ्यात अध्यक्ष उठून माझ्याजवळ आले.

"बाई, हे तांत्रिक राहू दे. घरी खाणारी तोंडं किती, ते सांग."

बाकी सगळ्यांना ते 'अहो' म्हणत होते.

मी म्हटलं, "साहेब, दुकानदार काम द्यायला..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. कॉइल त्यांनी माझ्याकडून घेऊन टेबलावर ठेवली आणि मनगट धरलं. ते वर सांगितलंच.

मग दोन माणसांनी मशीन आणलं. झेंडूचा हार घातलेलं शिलाई मशीन. अध्यक्षांच्या आईचं नाव त्यावर पिवळ्या रंगात रंगवलेलं.

"साहेब, मी वाइंडिंग मशीन मागितलं होतं."

"अगं, बायकांना शिलाईच बरी. घरबसल्या होते."

"मला शिवता येत नाही."

"मग शीक की!"

हॉल हसला. फोटोवाला म्हणाला, "बाई, मशीनला हात लावा. हसा."

तेव्हा मला कळलं. इथे माझं काम तोलायला कोणी बसलंच नव्हतं. मशीन आधीच घेतलेलं, नाव आधीच रंगवलेलं. फक्त त्याच्या शेजारी उभी करायला एक गरीब बाई कमी होती.

मी त्यांच्या मुठीतून हात सोडवून घेतला. माइक माझ्यासमोरच होता.

"मला हे नको. मी माझ्या धंद्याचा बेत मांडायला आले होते. तो तुम्ही ऐकला नाहीत."

मी टेबलावरची कॉइल उचलली आणि पायऱ्या उतरले. मागे अध्यक्ष शेजारच्याला हळूच म्हणाले, "माज बघा." माइक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

दाराशी सेक्रेटरी बाईंनी गाठलं. आता आवाज मऊ नव्हता. "तुमच्यामुळे पुढच्या वर्षी तुमच्यासारख्यांना कोणी उभं करणार नाही."

"बरं होईल," मी म्हटलं.

चाळीत शेवंती वाट बघत होती. ऐकून भडकली. "मशीन घेऊक काय झाला होता तुका? उद्या इकला असता, आपला मशीन इला असता! आता तुझो मान शिजवन खा." आमच्यातल्या एकीनं त्याच आठवड्यात कांदिवलीला घरकाम धरलं. मला दोष दिला. देऊ दे.

शेवंतीचा हिशेब चुकीचा नव्हता. पण मशीन घेतलं असतं तर त्याच्या शेजारचा माझा फोटो त्या हॉलमध्ये लागला असता. उद्या त्या मंडळातलाच कोणी व्यापारी माझ्यासमोर आला, तर त्यानं माझ्याशी भाव ठरवला नसता. दया केली असती. दयेवर चाललेलं काम देणाऱ्याचा मूड गेला की बंद पडतं.

मशीन अजून मिळालेलं नाही. मी दुकानं पालथी घालते आहे. आता मी स्टेशनजवळच्या त्या दुकानदारालाच सांगितलंय, मशीन तुम्ही घ्या, कामातून फेडते. तो विचार करतोय. गेल्या आठवड्यात चेंबूरला दुसऱ्या एकाकडे गेले. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "आधी घरची परिस्थिती सांगा, बाई." चहा तसाच ठेवून मी उठले.

माझी भूक मी कोणाला दाखवणार नाही, असली तरी. काम बघा, भाव बोला. नको असेल तर तोंडावर नाही म्हणा, मी पुढच्या दुकानात जाईन.